परतीचा परवाना की परतीचा हक्क?

एप्रिल २०२२ मध्ये लंडनच्या वर्तमानपत्रांत एक वाद गाजत होता आणि त्या वादातला पैसा बेंगळुरूच्या इलेक्ट्रॉनिक सिटीतून गेलेला होता. ऋषी सुनक तेव्हा ब्रिटनचे अर्थमंत्री होते. त्यांच्या पत्नी अक्षता मूर्ती यांच्याकडे इन्फोसिसचे एक टक्क्याच्या आसपास समभाग. ब्रिटनच्या करकायद्यात तेव्हा ‘नॉन-डॉम’ नावाची सोय होती. वर्षाला तीस हजार पौंड भरले की परदेशात मिळालेल्या आणि ब्रिटनमध्ये न आणलेल्या उत्पन्नावर तिथे कर लागत नसे. देशाला कर लावणाऱ्या मंत्र्याच्या घरातच ही सवलत घेतली जाते म्हटल्यावर गदारोळ झाला. मूर्तींच्या बाजूने निवेदन आलं, त्यात दाखला भारतीय कायद्याचा होता: त्या भारताच्या नागरिक आहेत आणि भारत आपल्या नागरिकाला दुसऱ्या देशाचं नागरिकत्व सोबत ठेवू देत नाही. कर कुठे भरायचा हे नागरिकत्वावरून ठरत नाही, असं करतज्ज्ञांनी लगेच दाखवून दिलं. दोन-तीन दिवसांत मूर्तींनी परदेशातल्या उत्पन्नावरही ब्रिटनमध्ये कर भरण्याचं जाहीर केलं आणि प्रकरण निवलं.

त्या निवेदनाने नकळत एक गंमत मात्र उघड केली. आपल्याकडे एकल नागरिकत्वाचा कायदा देशनिष्ठेच्या भाषेत समजावला जातो. प्रत्यक्षात तो कुणाच्या कशा कामी येईल याचा नेम नसतो. बड्या भागधारकाला तो कर वाचवण्याची सबब म्हणून उपयोगी पडू शकतो आणि त्याच कंपनीच्या फाटकासमोरच्या वसाहतींत राहणाऱ्या मध्यमवर्गीय घरात तो एका कुटुंबाचे दोन तुकडे करू शकतो. या दुसऱ्या घरांविषयी मला बोलायचं आहे. भारताने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेणाऱ्याला मूळ नागरिकत्व ठेवू द्यावं, असं माझं मत आहे. पण सरसकट नाही, आणि या मागणीसाठी नेहमी जी कारणं पुढे केली जातात त्यांच्यासाठीही नाही.

आधी कायदा पाहू. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचं कलम ९ सांगतं की भारताच्या नागरिकाने स्वेच्छेने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की त्याचं भारतीय नागरिकत्व संपतं. त्यासाठी अर्ज लागत नाही, नोटीस येत नाही. नंतर वकिलातीकडे पासपोर्ट जमा करायचा, तो रद्दचा शिक्का मारून परत घ्यायचा आणि जमा केल्याचा दाखला जपून ठेवायचा, हे सोपस्कार घडून गेलेल्या गोष्टीची नोंद करण्यापुरते.

इथे एक गैरसमज पक्का बसलेला आहे. लोकांना वाटतं, अमेरिकेनेच सोडायला लावलं. उदाहरणार्थ, बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार १९७९ मध्ये शिकायला अमेरिकेत गेले, १९८८ मध्ये तिथले नागरिक झाले आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये डेट्रॉईटच्या मतदारसंघातून अमेरिकी प्रतिनिधीगृहावर निवडून आले. अमेरिकेच्या नागरिकत्वाच्या शपथेत परक्या सत्तांवरची निष्ठा पूर्णपणे सोडल्याचं म्हणावं लागतं, हे खरं. पण शपथ झाल्यावर अमेरिका कुणाचा जुना पासपोर्ट मागत नाही. मेक्सिकोचा, आयर्लंडचा, फिलिपाइन्सचा, अगदी पाकिस्तानचाही माणूस तीच शपथ घेतो आणि मूळ देशाचं नागरिकत्वही बाळगून राहतो. जर्मनीने २७ जून २०२४ पासून आपली जुनी अट काढून टाकली; तिथे नागरिक होताना आता मूळ नागरिकत्व सोडावं लागत नाही. म्हणजे बेळगावच्या माणसाचं भारतीय नागरिकत्व संपवणारा निर्णय वॉशिंग्टनचा नसतो, बर्लिनचाही नसतो. तो दिल्लीचा असतो.

आता इलेक्ट्रॉनिक सिटीत या. १९७८ मध्ये कर्नाटक सरकारच्या केऑनिक्सने कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूर या गावांच्या ३३२ एकरांवर ही वसाहत आखली. इन्फोसिसने १९९४ मध्ये आपलं मुख्यालय इथे हलवलं. होसूर रोडवरचा उड्डाणपूल २०१० मध्ये झाला, मेट्रोची पिवळी मार्गिका ऑगस्ट २०२५ मध्ये आली. या सगळ्याच्या आजूबाजूला, नीलाद्री रोडच्या दोन्ही अंगांना, उंच इमारती उभ्या राहिल्या आणि त्यांत देशभरची माणसं येऊन राहिली. मराठी माणसं त्यांत पुष्कळ. कोल्हापूर-सांगलीची, सोलापूरची, नागपूरची, आणि पुण्यातून ‘फक्त दोन वर्षांसाठी’ आलेली. त्यांतलीच काही इथून न्यू जर्सीला, डॅलसला, लंडनला जाऊन दहा-पंधरा वर्षांनी परतलेली.

अशा परतलेल्या घराचं कागदांचं कपाट एकदा पाहावं. नवऱ्याचा अमेरिकी पासपोर्ट, त्याखाली शिक्का मारलेला जुना भारतीय पासपोर्ट, त्यात घडी घालून ठेवलेला दाखला. बायकोचा चालू भारतीय पासपोर्ट, कारण तिला तिकडचं नागरिकत्व मिळायच्या आधीच परत यायचं ठरलं. थोरली मुलगी इथे जन्मलेली, भारतीय. धाकटा तिकडे जन्मलेला, म्हणून त्याच्याकडे अमेरिकी पासपोर्ट आणि ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड. २६ एप्रिल २०२४ ला लोकसभेसाठी बेंगळुरूत मतदान झालं, त्या दिवशी अशा घरातून बायको मत देऊन आली, कामाला येणाऱ्या मावशी देऊन आल्या, आणि इथेच नोकरी करून इथेच आयकर भरणारा नवरा घरी बसला. त्याला मताची फार हौस होती असं मी म्हणत नाही. पण उंबऱ्याच्या आत नागरिकत्व कायद्याने तीन प्रकारची माणसं करून ठेवली आहेत, एवढं तर दिसतंच.

मग ही माणसं परदेशाचं नागरिकत्व घेतात कशाला? प्रेमाने घेणारे असतीलही. बहुतेक जण धास्तीने घेतात. भारतात जन्मलेल्यांसाठी अमेरिकेच्या ग्रीन कार्डाची रांग दशकांच्या हिशोबात मोजली जाते. १९ सप्टेंबर २०२५ ला अमेरिकी राष्ट्राध्यक्षांनी नोकरीसाठीच्या एच-१बी व्हिसावर एक लाख डॉलर शुल्क लावल्याचं जाहीर केलं, तेव्हा सुट्टीवर घरी आलेल्या लोकांनी रातोरात परतीची तिकिटं काढली. ते शुल्क नव्या अर्जांपुरतं आहे, हा खुलासा नंतर आला. ज्याने हे एकदा अनुभवलं, तो संधी मिळताच नागरिकत्व घेणारच. मुलांची शाळा, घराचं कर्ज, आजारपण, सगळं एका सरकारी फर्मानावर टांगून माणूस किती वर्षं काढणार? परराष्ट्र मंत्रालयाने संसदेत दिलेल्या आकड्यांनुसार २०११ मध्ये १,२२,८१९ जणांनी भारतीय नागरिकत्व सोडलं. २०२२ मध्ये तो आकडा २,२५,६२० झाला, २०२३ मध्ये २,१६,२१९ आणि २०२४ मध्ये २,०६,३७८. हे दोन लाख लोक दरवर्षी देशावर रुसून जातात असं मानायचं, की आपल्या कायद्याने त्यांना मधला रस्ताच ठेवलेला नाही असं?

‘मधला रस्ता आहे की, ओसीआय!’ हे उत्तर तयार असतं. त्याचा इतिहास थोडा पाहायला हवा. वाजपेयी सरकारने २००० मध्ये लक्ष्मीमल्ल सिंघवी यांच्या अध्यक्षतेखाली परदेशस्थ भारतीयांविषयी समिती नेमली. जानेवारी २००२ मधल्या तिच्या अहवालाने काही अटींसह दुहेरी नागरिकत्वाची शिफारस केली. पहिला प्रवासी भारतीय दिवस जानेवारी २००३ मध्ये दिल्लीत झाला, तिथे पंतप्रधानांनी घोषणाही केली. कायद्यात दुरुस्ती झाली. आधी सोळा देशांची यादी होती, २००५ मध्ये पाकिस्तान आणि बांगलादेश सोडून बाकी देशांना दार उघडलं. हातात पडलं ते मात्र एक कार्ड: जन्मभराचा व्हिसा, इथे राहण्याची, नोकरी करण्याची आणि फ्लॅट घेण्याची मुभा. मत नाही, निवडणूक लढवता येत नाही, सरकारी नोकरी नाही.

मत नसणं हे या कार्डाचं खरं वैगुण्य आहे असं मला वाटत नाही. खरं वैगुण्य संकटात दिसतं. मार्च २०२० मध्ये कोरोनाने सीमा बंद होऊ लागल्या, तेव्हा सरकारने ओसीआयवाल्यांची व्हिसाविना येण्याची सोय स्थगित केली. पुढे सगळीच विमानं थांबली. ७ मेपासून ‘वंदे भारत’ची विमानं अडकलेल्यांना आणू लागली, पण ती नागरिकांसाठी होती. अमेरिकेत नोकरी गेलेली, व्हिसा संपत आलेला, अशी कितीतरी भारतीय जोडपी विमानतळाच्या वाटेवरूनच मागे फिरली. कारण आईवडील भारतीय नागरिक असले तरी कडेवरचं बाळ अमेरिकेत जन्मलेलं होतं आणि त्याच्याकडे ओसीआय कार्ड होतं. आईबापांना बसता येईल, बाळाला नाही! ही अट २२ मे रोजी सैल झाली. मधल्या दोन आठवड्यांत त्या बाळांची निष्ठा नक्की कुठे संशयास्पद ठरली होती?

दुसरं उदाहरण खास बेंगळुरूचं. परतलेल्या कुटुंबांची मुलं इथल्या शाळांत शिकली, इथेच बारावी झाली. व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेशाच्या वेळी त्यांना अनिवासी भारतीयांच्या कोट्याकडे बोट दाखवण्यात आलं. डिसेंबर २०२० मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने अशा विद्यार्थ्यांच्या बाजूने निकाल दिला आणि प्रवेशापुरतं त्यांना भारतीय नागरिकांसारखंच मानलं. तीन महिने उलटले नाहीत तोच, ४ मार्च २०२१ ला, केंद्राने अधिसूचना काढली: ओसीआय विद्यार्थी अनिवासींच्या किंवा जादा जागांवरच पात्र. सोबत पत्रकारिता, संशोधन, गिर्यारोहण यांसाठी वेगळी परवानगी घ्यायची अटही आली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ३ फेब्रुवारी २०२३ च्या निकालाने आधी कार्ड मिळालेल्या मुलांना वाचवलं, पण पुढच्यांसाठी अधिसूचना कायम राहिली. ऑगस्ट २०२५ मध्ये आणखी एक अधिसूचना आली. सात वर्षं किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात नुसतं आरोपपत्र दाखल झालं, तरी ओसीआय नोंदणी रद्द होऊ शकते. अशी वेळ आलेल्या नागरिकाला तुरुंग होऊ शकतो, पण त्याचं नागरिकत्व जात नाही.

म्हणजे राजपत्रातल्या एका पानाने जे वाढतं आणि तशाच एका पानाने जे आटतं, ते ओसीआय. देणारा उदार असेल तोवर सगळं छान. मार्च २०२५ मध्ये मॉरिशसमध्ये पंतप्रधानांनी तिथल्या भारतवंशीयांना सातव्या पिढीपर्यंत ओसीआय देण्याचं जाहीर केलं. तिथल्या मराठी कुटुंबांनाही त्याचा आनंद झाला असणार, आणि व्हावाच. पण जे सातव्या पिढीपर्यंत ताणता येतं ते उद्या पहिल्या पिढीवर आखडताही येतं. हक्काचं तसं नसतं.

हा फरक आपल्या समाजाला नवा नाही. लग्न झालेल्या मुलीला माहेरी पाहुणचार असायचा. साडीचोळी, दिवाळसण, बाळंतपण, कशालाच कमी नसायचं. वडिलोपार्जित घरात हिस्सा मात्र नसायचा, कारण ती ‘दिल्या घरची’ झाली. भावाची मर्जी फिरली की पाहुणचारही संपायचा. महाराष्ट्राने आणि कर्नाटकाने १९९४ मध्ये, मग केंद्राने २००५ मध्ये हिंदू वारसा कायदा बदलला आणि जन्माने मिळणारा हिस्सा लग्नाने जात नाही हे मान्य केलं. तेव्हाही दोन घरांत पाय राहतील, भांडणं होतील, अशी ओरड झाली होती. भांडणं झालीही. तरी मुलीने एका घरात मन लावायचं तर दुसऱ्या घरातलं नाव खोडायलाच हवं, असं आज कुणी म्हणत नाही. गंमत अशी की त्याच २००५ साली आपण परदेशस्थांसाठी ओसीआय जवळपास सगळ्या जगाला खुलं केलं आणि त्यात पाहुणचार तेवढा दिला.

आता निष्ठेच्या प्रश्नाकडे. घटना समितीत ऑगस्ट १९४९ मध्ये नागरिकत्वाच्या कलमांवर चर्चा झाली. मसुदा समितीला सर्वांत डोकेदुखी ठरलेल्या कलमांत हे एक, असं खुद्द डॉ. आंबेडकरांनी सांगितलं होतं. अर्थतज्ज्ञ प्रा. के. टी. शहा यांनी दुहेरी नागरिकत्वाची फट ठेवणारी दुरुस्ती मांडली, ती फेटाळली गेली. त्या वेळी ते बरोबरच होतं. फाळणी नुकतीच झालेली, लाखो लोक सीमा ओलांडून गेलेले, काही परत येऊ पाहणारे. कोण कुठला हे ठरवल्याशिवाय घर, जमीन, मतदारयादी, काहीच ठरत नव्हतं. श्रीलंकेत १९४८ च्या कायद्याने मळ्यांतले लाखो तमिळ कामगार कुठल्याच देशाचे उरले नाहीत, आणि त्यांच्या वाटणीसाठी शास्त्री-सिरिमावो करार व्हायला १९६४ उजाडलं. ब्रह्मदेशात, पूर्व आफ्रिकेत भारतीयांकडे ‘हे खरे कुणाचे?’ म्हणून बघितलं जाई. अशा वेळी ‘तुम्ही जिथे आहात तिथले व्हा’ हा नेहरूंचा सल्ला त्या लोकांच्या भल्याचा होता. जगाची रीतही तीच होती. १९३० च्या हेग कराराने प्रत्येकाला एक आणि एकच नागरिकत्व असावं असं म्हटलं होतं. त्यामागे सक्तीची लष्करभरती आणि युद्धातली फितुरी यांची भीती होती.

आज भारतात सक्तीची लष्करभरती नाही. आणि दुसऱ्या देशाच्या लष्कराचं म्हणाल, तर तिथेही आपण केव्हाच तडजोड केली आहे. कोकणातून इस्रायलला गेलेले बेने इस्रायल घरात आजही मराठी बोलतात. तिथे सक्तीची लष्करी सेवा असल्यामुळे त्यांच्या ओसीआयमध्ये अडचण येत होती. ५ जुलै २०१७ ला तेल अवीवमध्ये पंतप्रधानांनी सांगितलं की सक्तीची सेवा केलेल्यांनाही कार्ड मिळेल. मला तो निर्णय योग्य वाटतो. पण मग परक्या सैन्याचा गणवेश घातलेल्याला जन्मभर ये-जा करू देणारं राज्य निष्ठेचं कारण कुठल्या तोंडाने सांगतं?

गोव्याची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. १९६२ च्या आदेशाने तिथले लोक भारतीय नागरिक झाले. ज्यांना पोर्तुगीज राहायचं होतं त्यांनी महिनाभरात तसं लिहून द्यायचं होतं. एका धर्मगुरूंनी ते दिलं आणि तरी गोव्यातच राहिले. परकीयांविषयीच्या कायद्याखाली त्यांच्यावर खटला झाला आणि १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा कायम केली. दुसरीकडे पोर्तुगालच्या मते मुक्तीपूर्वी गोव्यात जन्मलेला माणूस आणि त्याची मुलं-नातवंडं पोर्तुगीज ठरू शकतात, फक्त लिस्बनला जन्माची नोंद करायची. ही नोंद म्हणजे स्वेच्छेने घेतलेलं नागरिकत्व, की आधीपासून असलेल्या हक्काची कबुली? युरोपात नोकरीसाठी गेलेल्या हजारो गोंयकारांना या प्रश्नाने छळलं आहे, आमदारांच्या खुर्च्या डळमळल्या आहेत. मधल्या काळात केंद्राच्या एका निर्देशामुळे भारतीय पासपोर्ट परत करायला गेलेल्यांचा पासपोर्ट ‘माहिती लपवली’ म्हणून रद्दच होऊ लागला. जमा केल्याचा दाखला नाही म्हणून ओसीआयही मिळेना. एप्रिल २०२४ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने रद्दीकरणाचा कागदही चालेल असं कळवलं, तेव्हा कुठे गाडी हलली. प्रामाणिकपणे कागद परत करायला जाणारा अडकतो आणि गप्प बसून दोन्ही वापरणारा निसटतो, अशी ही रचना. कायदा पाळणाऱ्यालाच कायदा महाग पडत असेल, तर निष्ठा वाढते की लबाडी?

सुरक्षेचा मुद्दाही अशाच एका प्रकरणाने उलटा पडलेला दिसतो. पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतल्या शाखेतल्या घोटाळ्यातले आरोपी मेहुल चोक्सी यांनी २०१७ मध्ये अँटिग्वाचं नागरिकत्व घेतलं आणि जानेवारी २०१८ मध्ये देश सोडला. २०२१ मध्ये ते डॉमिनिकात सापडले, तेव्हा भारत सरकारने तिथल्या न्यायालयात काय सांगितलं? की ते अजून भारतीय नागरिकच आहेत. कलम ९ जसं लिहिलं आहे तसं वाचलं, तर हे म्हणणं टिकवणं अवघड. पण सरकारची गरज समजण्यासारखी आहे. पळणाऱ्याला नागरिकत्व झटकून टाकता येऊ नये, अशीच कुठल्याही राज्याची इच्छा असणार. आपला कायदा मात्र नेमकी तीच सोय करून देतो. बाकी धोक्याचं म्हणाल, तर ओसीआयवाला आज येऊ शकतो, राहू शकतो, कमावू शकतो. जो धोका असेल तो आपण आधीच पत्करलेला आहे.

या सगळ्या आक्षेपांपेक्षा एक आक्षेप मला अधिक खरा वाटतो आणि तो देशाभिमान्यांचा नाही. ही मागणी कुणाची आहे? ज्यांच्याकडे आधीच भरपूर आहे त्यांची. इलेक्ट्रॉनिक सिटीच्या इमारतींत रात्रपाळी करणारा आसामचा किंवा ओडिशाचा सुरक्षारक्षक दुसरं नागरिकत्व कधीच मागणार नाही. त्याला एकच सिद्ध करताना नाकी नऊ येतात. ३१ ऑगस्ट २०१९ ला आसामची नागरिक नोंदणी प्रसिद्ध झाली, तेव्हा १९ लाख ६ हजार ६५७ माणसं यादीबाहेर राहिली. जानेवारी २०२० मध्ये याच शहरात, बेल्लंदूरजवळच्या करियम्मन अग्रहारात, ‘बांगलादेशी आहेत’ या संशयावरून मजुरांच्या झोपड्या पाडल्या गेल्या. कर्नाटक उच्च न्यायालयाने ती कारवाई सकृद्दर्शनी बेकायदा ठरवली. अशा देशात दोन पासपोर्टांची चैन मागायची लाज वाटायला हवी की नको?

लाज वाटावी, पण मागणी सोडू नये. कारण दोन्हीकडे दुखणं एकच आहे. राज्य नागरिकत्वाला आपण दिलेली आणि आपण काढून घेऊ शकतो अशी वस्तू समजतं. झोपडीतल्या माणसाला ते म्हणतं, ‘कागद दाखव, नाहीतर तू आमचा नाहीस.’ फ्लॅटमधल्या माणसाला म्हणतं, ‘दुसरा कागद घेतलास ना, मग तू आमचा नाहीस.’ पहिल्याचं नुकसान दुसऱ्याच्या कैकपट मोठं आहे, यात वाद नाही. म्हणून परदेशस्थांच्या संघटना आपल्या सोयीपुरतं बोलत राहिल्या तर त्यांना कुणाची सहानुभूती मिळणार नाही, आणि मिळूही नये. जन्माने मिळालेलं नागरिकत्व सुनावणीविना जाता कामा नये, हे तत्त्व मान्य करायचं तर ते सगळ्यांसाठी करावं लागेल.

मग करायचं काय? माझ्या मते हक्कांची विभागणी करायला हवी. ती आपण आधीच करतो आहोत, फक्त कबूल करत नाही. आयकर खातं तुमची निष्ठा विचारत नाही, वर्षात किती दिवस भारतात होतात ते विचारतं. परकीय चलनाचा कायदा शेतजमीन विकत घ्यायला अनिवासी भारतीय नागरिकालाही मनाई करतो आणि ओसीआयवाल्यालाही. वारशाने सातबाऱ्यावर नाव दोघांचंही लागू शकतं. ज्या इलेक्ट्रॉनिक सिटीत आपण उभे आहोत, तिच्या मुख्य औद्योगिक भागाचा कारभार पालिकेकडे नाही, औद्योगिक नगर प्राधिकरणाकडे आहे. तिथे कर आहे, सेवा आहेत, निवडून दिलेला नगरसेवक नाही. कर, वास्तव्य आणि मत ही आपल्याकडे सुटी सुटी झालेली आहेतच.

तेव्हा परदेशी नागरिकत्व घेतल्याने भारतीय नागरिकत्व संपू नये. ते सुप्त व्हावं. सुप्त असताना त्याला मत नसावं. दूर बसून, परिणाम न भोगता, इतरांसाठी सरकार निवडण्याचा हक्क मला मान्य नाही. आणि त्याची फार मागणीही दिसत नाही. २०११ पासून अनिवासी भारतीय नागरिक इथे प्रत्यक्ष येऊन मत देऊ शकतात. २०२४ च्या लोकसभेसाठी अशा १ लाख १९ हजारांवर मतदारांची नोंद होती, मतदान केलं २,९५८ जणांनी, त्यांतले २,६७० एकट्या केरळचे. माणूस इथे येऊन ठरावीक काळ राहिला, कर भरू लागला, की अर्ज न करता त्याचं मत जागं व्हावं. आमदार, खासदार, मंत्री, न्यायाधीश किंवा सनदी अधिकारी व्हायचं असेल, तर मात्र दुसरं नागरिकत्व सोडल्याचा पुरावा आधी द्यावा. ऑस्ट्रेलिया नागरिकांना दुहेरी नागरिकत्व देतो, पण खासदारांना नाही. २०१७ मध्ये तिथल्या उपपंतप्रधानांना वडिलांकडून आलेल्या न्यूझीलंडच्या नागरिकत्वापायी खासदारकी गमवावी लागली. इतका काटेकोरपणा आपल्यालाही झेपेल. गुन्हेगारासाठी तर नागरिकत्वाचं बंधन अधिकच घट्ट होईल, कारण ते झटकायची पळवाट बंद होईल.

परतीची वाट आजही आहे, हेही नोंदवायला हवं. पाच वर्षं ओसीआय असलेला माणूस बारा महिने इथे राहून नागरिकत्वासाठी अर्ज करू शकतो, परदेशी नागरिकत्व सोडून. पण ती अर्जाची वाट आहे. मंजुरी देणारा अधिकारी समोर बसलेला असतो. २०२४ च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने सिंगापूरचे नागरिक झालेल्या आईवडिलांच्या मुलाचा दावा फेटाळताना स्पष्ट केलं की आईबापांचं नागरिकत्व कलम ९ ने आपोआप संपलं असेल, तर सज्ञान झाल्यावर ते परत घेण्याची कायद्यातली सवलत मुलाला मिळत नाही. ती सवलत आईबापांनी स्वतः जाहीरनामा देऊन नागरिकत्व सोडलं असेल तेव्हाचीच आहे. न्यायालयाने कायदा वाचला, त्यात त्याचा दोष नाही. अठरा वर्षांच्या पोराचं भवितव्य त्याच्या जन्माआधीच्या कागदाच्या प्रकारावर ठरत असेल, तर दोष कायद्याचा आहे आणि तो बदलणं संसदेचं काम आहे.

या बदलाने दरवर्षीचे दोन लाख थांबतील, असं मी म्हणणार नाही. जाणारे जातीलच, पगार, शाळा, हवा, रस्ते यांची कारणं नागरिकत्व कायद्यात नाहीत. फरक पडेल तो परतणाऱ्यांत. आज परतलेला माणूस इथे घर घेतो, कंपनी काढतो, सोसायटीच्या सभेत तावातावाने बोलतो, पण वॉर्डातल्या गटाराविषयी आमदाराला जाब विचारू शकत नाही, कारण आमदाराला त्याच्या मताची गरज नाही. आपण त्याला कायमचा श्रीमंत पाहुणा करून ठेवलं आहे, आणि पाहुणा कधी घराची डागडुजी करत नाही. त्याला पुन्हा घरचा करायचा असेल, तर जबाबदाऱ्याही घरच्याच द्याव्या लागतील. आणि जबाबदारी हक्काविना कुणी अंगावर घेत नाही.